एका बोटाची दोन उत्तरं

पुण्यातल्या एका परिसंवादात मध्यंतरी एका अभ्यासू गृहस्थांनी लोणंदसारख्या गावांचा निकाल लावून टाकला. निमशहरी गावातला मतदार विचार करत नाही. भावकी सांगेल तिकडे जातो, मटणाच्या जेवणावळीवर आणि पाकिटावर फिरतो. आज या पक्षाला, उद्या त्या पक्षाला मत देतो, म्हणजे त्याला भूमिका नाही. टाळ्या पडल्या. मी लोणंदचा, मागच्या रांगेत बसलो होतो आणि घरी येईपर्यंत माझा संताप उतरला नव्हता.

पाकिटं वाटली जातात, ते मी नाकारत नाही. पण दोन्ही बाजूंनी वाटली, तर मत कुणाला पडलं याचा उलगडा पाकिटातून होत नाही. भावकीचं म्हणाल, तर नगरपंचायतीचे प्रभाग 17, आणि एकाच प्रभागात एकाच भावकीतले दोघं समोरासमोर उभे राहतात. तिथे भावकी कुणाचं ऐकते?

खरा वाद त्या ‘भूमिका नाही’ या शब्दांशी आहे. 2019 चं उदाहरण घ्या. लोणंद वाई विधानसभेत आणि सातारा लोकसभेत मोडतं. एप्रिलमध्ये साताऱ्याने उदयनराजे भोसल्यांना राष्ट्रवादीचे खासदार म्हणून निवडून दिलं. सप्टेंबरमध्ये ते राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले. 21 ऑक्टोबरला पोटनिवडणूक झाली, विधानसभेचं मतदानही त्याच दिवशी. लोकसभेला राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील उदयनराजेंविरुद्ध 87 हजारांवर मतांनी जिंकले. उदयनराजेंच्या, म्हणजे छत्रपतींच्या घराण्याचा मान या जिल्ह्यात काय आहे, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही, तरीही हा निकाल लागला. सहा महिन्यांत जागा कुणी बदलली, उमेदवाराने की मतदाराने? आणि त्याच दिवशी, त्याच केंद्रांवर, दुसऱ्या यंत्रातून पाटण आणि कोरेगावला शिवसेनेचे, सातारा शहराकडे भाजपचे आमदार निघाले. त्या गृहस्थांना हा गोंधळ वाटतो. मला यात दोन वेगळे प्रश्न आणि त्यांची दोन वेगळी उत्तरं दिसतात. दिल्लीत कोण बसावं आणि तहसीलच्या कामाला कुणाचा फोन चालतो, हे दोन प्रश्न एक का समजायचे?

आधीचंही तेच. 2009 ला लोकसभेला राष्ट्रवादी, आणि त्याच वर्षी वाईतून मकरंद पाटील अपक्ष म्हणून आमदार. त्याच्याही मागे गेलं तर 1957 ला साताऱ्याने क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट पक्षाकडून लोकसभेत पाठवलं, 1980 ला राज्यभर इंदिरा काँग्रेसची लाट असताना यशवंतराव चव्हाणांना तिच्याविरुद्ध निवडून दिलं, 1996 ला शिवसेनेचा खासदार दिला. अडाण्यांना मताचा हक्क कशाला, हा प्रश्न पहिल्या निवडणुकीच्या वेळीही विचारला गेला होता. वाचता न येणाऱ्यांसाठीच चिन्हं आली. सत्तर वर्षांनी तोच प्रश्न शहाण्या भाषेत परत ऐकावा लागतो, याचं मला दुःख आहे.

चिन्हांवरूनच त्यांनी शेवटचा घाव घातला. 2024 ला लोकसभेला साताऱ्यात ट्रम्पेट म्हणजे पिपाणी चिन्हाच्या अपक्षाला 37 हजारांवर मतं पडली आणि ‘तुतारी वाजवणारा माणूस’ चिन्हावर लढलेले शशिकांत शिंदे 32 हजारांवर मतांनी हरले. पिपाणी आणि तुतारी ज्याला कळत नाही, त्याला धोरण काय कळणार? पण चिन्हांच्या मराठी यादीत त्या ट्रम्पेटलाही ‘तुतारी’ असंच नाव छापलं होतं. म्हातारीने यादीत तेच नाव वाचलं आणि यंत्रावर त्या चित्रासमोरचं बटण दाबलं, तर चूक वाचणाऱ्याची की छापणाऱ्याची?

आणि धोरण कळत नाही म्हणता? लोणंद ही कांद्याची पेठ आहे. हळवा असो की गरवा, लिलावाला उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला डिसेंबर 2023 ची निर्यातबंदी कधी आली हे पाठ आहे. ती 4 मे 2024 ला उठली, सोबत 40 टक्के शुल्क ठेवून, आणि साताऱ्याचं मतदान 7 मेला होतं, हेही त्याने लक्षात ठेवलंय. त्याने त्यावरून कुणाला मत दिलं, ते त्याचं त्याला ठाऊक. पण त्याने हिशेब मांडलाच नाही, असं व्यासपीठावरून सांगू नये.

मग माझं म्हणणं काय? एवढंच, की गावातलं मत जवळून दिलेलं असतं. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामी येते, त्या दिवशी नगरपंचायतीची परीक्षा होते. पाण्याचे टँकर वेळेवर आले का, शौचालयं पुरली का, तळावर दिवे होते का, हे सगळं गाव उघड्या डोळ्यांनी बघतं आणि नगरसेवक तिथेच उभा असतो. 2016 ला पहिली नगरपंचायत निवडली, त्याआधी ग्रामपंचायत होती, पण ही तपासणी जुनीच आहे. शहरातल्या किती जणांना आपल्या नगरसेवकाचं घर माहीत आहे? आमच्याकडे नळाला पाणी आलं नाही, तर सकाळी सातला माणसं त्याच्या ओट्यावर बसलेली असतात, आणि चहा घेऊनही ती उठत नाहीत.