रंग नको, छप्पर द्या

वर्गणी जमविण्याची कला आपल्या समाजात आता पूर्णत्वास पोचली आहे. नवे सभागृह, नवी कमान, नवा पुतळा यांसाठी पावतीपुस्तक बाहेर पडले की ते रिकाम्या हाताने परत येत नाही. परंतु जे जुने आहे, जखमी आहे आणि तरीही आपलेच आहे, ते सावरण्यासाठी कोणी झोळी पुढे केली की तेच दाते एकाएकी हिशेबी होतात. नव्या कामात कोनशिला बसते आणि कोनशिलेवर नाव बसते. जुन्याच्या दुरुस्तीत नाव बसविण्यास जागाच नसते. आमच्या दानशूरपणाचे हे खरे मोजमाप आहे आणि ते कडू असले तरी सांगणे आम्हांस प्राप्त आहे.

निमित्त एका विमानाचे आहे. दाबोळी विमानतळानजीक, बोगमाळोच्या वाटेवर, नौदलाचे हवाई संग्रहालय 1998 सालापासून उभे आहे. तेथे येणारा पाहुणा प्रथम अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशनकडे धावतो, मग सी हॅरिअरजवळ छायाचित्र काढून घेतो. त्याच परिवारात एक लहानसे, दोन आसनांचे, बुटक्या चाकांचे विमान आहे. त्याने कधी बॉम्ब टाकला नाही की शत्रूचा पाठलाग केला नाही. त्याचे नाव एचटी-2, म्हणजे हिंदुस्थान ट्रेनर. त्याचे काम शिकविण्याचे होते, आणि शिक्षकाकडे पाहुण्यांचे लक्ष सहसा जात नाही.

या शिक्षकाचे कूळ मात्र सांगण्याजोगे आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने 1940 च्या डिसेंबरात बंगळूर येथे विमानांचा कारखाना काढला. पहिली काही वर्षे परक्यांच्या आराखड्यांवर, जोडणीवर आणि युद्धकाळातील दुरुस्तीवर गेली. स्वतःच्या कागदावर स्वतः रेघ ओढून, स्वतः घडवून हिंदुस्थानी मनुष्याने आकाशात सोडलेले आणि पुढे संख्येने निर्माण केलेले पहिले विमान म्हणजे हे एचटी-2. ऑगस्ट 1951 मध्ये ते प्रथम उडाले. त्याच्या मागचे डोके डॉ. विष्णु माधव घाटगे यांचे. कोल्हापूर जिल्ह्यात 1908 साली जन्मलेले हे गृहस्थ जर्मनीतील ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्यापाशी वायुगतिशास्त्र शिकले आणि परत येऊन बंगळूरच्या विज्ञान संस्थेत ते शास्त्र शिकवू लागले. शिक्षकाने पहिले विमान केले ते शिकविण्याचेच केले, यात आम्हांस मोठे औचित्य दिसते.

त्याआधी आपले उमेदवार वैमानिक टायगर मॉथवर शिकत. ते विलायती, लाकूड आणि कापड यांचे, दुहेरी पंखांचे. एचटी-2 संपूर्ण धातूचे, एकेरी पंखांचे आणि पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अवघे पावणेअकरा मीटर. अशी दीडशेहून अधिक विमाने तयार झाली. बिदरच्या प्राथमिक वैमानिक शाळेत कित्येक तुकड्यांनी त्यांवर पहिला धडा गिरविला. नौदलाच्या वैमानिकांनीही गिरविला. काही विमाने घानाच्या नवजात वायुदलासही दिली गेली. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या एका देशाने दुसऱ्याच्या मुलांना उडावयास शिकवावे, ही गोष्ट कोणत्याही विजयस्तंभावर कोरण्याइतकी मोठी आहे. आम्ही ती पाठ्यपुस्तकातील एका ओळीइतकीही मानली नाही.

आता अशा विमानास इजा कशाने होते ते पाहू. कोकणपट्टीवर वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने समुद्राचा वारा मीठ आणून देतो. विमानाचा पत्रा शुद्ध ॲल्युमिनियमचा नसतो. बळकटीसाठी त्यात तांबे मिसळलेले असते, आणि ज्या मिश्रणाने बळ येते त्याच मिश्रणाने तो क्षारास लवकर बळी पडतो. पोलादी बोल्ट जेथे या पत्र्यास भिडतो तेथे ओलाव्यासरशी दोन धातूंत विद्युत्क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम खाल्ले जाते. क्षार धातूच्या आत शिरला की पत्रा खारीच्या पापुद्र्यांसारखा फुगतो. वरून पाहणाऱ्यास काही दिसत नाही. पाणी निघून जाण्याच्या भोकांत पाखरांनी घरटे केले की पंखाच्या पोटात डबके साचते. रबर तडकते, वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक छत उन्हाने दुधाळ होते. समुद्रकाठी उभ्या केलेल्या कोणत्याही विमानाचे हे प्राक्तन आहे. त्यात कोणाही एका अधिकाऱ्याचा दोष काढण्याचा आमचा हेतू नाही.

दोष आहे तो उपचाराचा. देशभर चौकाचौकांत चौथऱ्यावर चढविलेल्या जुन्या विमानांचे काय होते ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. एखादा समारंभ आला की त्यांवर चकचकीत रंगाचा हात फिरतो, आणि त्यालाच पुनरुद्धार असे भारदस्त नाव मिळते. काळ्या दगडाच्या कोरीव देवळांस ऑइलपेंट फासून त्यास जीर्णोद्धार म्हणणारे आम्हीच. तीच बुद्धी विमानापाशीही चालते. क्षार धुतल्यावाचून, खाल्लेला धातू खरवडून काढल्यावाचून दिलेला रंग हा औषध नसून जखमेवर बांधलेले ओले फडके आहे. आतील कीड तो झाकतो आणि वाढवितो. म्हणून आमची पहिली मागणी अशी की, निधी जमवावयाचा असेल तर तो रंगासाठी नव्हे. प्रथम जाणत्या अभियंत्याकडून पत्रे उघडून तपासणी व्हावी. मग गोड्या पाण्याने धुणे, खराब भाग काढून बदलणे, जोडांत गंजरोधक भरणे व्हावे. आणि सर्वांत आधी व सर्वांत शेवटी डोक्यावर छप्पर यावे. छपरावाचून केलेला प्रत्येक खर्च पहिल्या मृगासरशी वाहून जाणार आहे.

येथे तीन आक्षेप ठरलेले आहेत.

पहिला : मालमत्ता सरकारची, तर खर्चही सरकारने करावा. आम्ही कायद्याचे अभ्यासक या नात्याने विचारतो, कोणत्या कायद्यान्वये? 1972 च्या पुरावस्तू अधिनियमाप्रमाणे अशा वस्तूस संरक्षण मिळण्यास ती निदान शंभर वर्षे जुनी असावी लागते. म्हणजे अगदी पहिले एचटी-2 देखील 2051 पूर्वी पुरावस्तू ठरणार नाही. तोवर कायद्याच्या दृष्टीने ते निरुपयोगी सामान आहे. उलट राज्यघटनेच्या 51-क अनुच्छेदाने आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. ते सरकारवर ढकलून मोकळे होण्याची सोय त्यात नाही. नागरिकाने हात दिला तर सरकार तो घेत नाही, असेही नाही. राजीव चंद्रशेखर यांनी एक डाकोटा विमान भंगारातून मिळवून इंग्लंडात स्वखर्चाने उडते केले आणि वायुदलास देऊ केले. आरंभी नकार आला. पुढे स्वीकार झाला. 2018 साली ते विमान हिंदुस्थानात उतरले. मात्र त्यातून निघणारा धडा निम्माच उपयोगी आहे. श्रीमंत दात्याची वाट पाहणे हे धोरण नव्हे. वैमानिक पित्याचा श्रीमंत पुत्र प्रत्येक विमानास लाभत नसतो.

दुसरा आक्षेप : शाळा गळत असता विमानावर पैसा कशास? हा आक्षेप करणारे गृहस्थ शाळेच्या कौलांसाठी वर्गणी मागावयास आले तर आम्ही त्यांस प्रथम नमस्कार करू. आमचा अनुभव असा की, हा प्रश्न नव्या कमानीच्या वेळी कोणी विचारीत नाही; तो जुन्याच्या दुरुस्तीच्या वेळीच विचारला जातो. जो समाज एका मिरवणुकीच्या रोषणाईत रात्रीपुरते लाखो जाळतो, त्याने गळक्या शाळेची आड घेऊ नये.

तिसरा आक्षेप उत्साही मंडळींचा असतो : जतन करावयाचे तर उडवूनच दाखवा! हा मोह सर्वांत घातक आहे. इंग्लंडात व्हल्कन जातीचे एक बॉम्बफेकी विमान लोकांच्या देणग्यांनी आणि लॉटरीच्या वारसानिधीने 2007 साली पुन्हा उडाले. परंतु उडाल्याने देणग्यांची गरज संपली नाही, ती वाढली; दर हंगामास नवी झोळी फिरवावी लागली, आणि ज्या कंपन्यांच्या तांत्रिक जबाबदारीवर ते उडत होते त्यांनी पाठिंबा काढून घेताच 2015 साली ते कायमचे जमिनीवर आले. त्यांनी केले ते थोरच केले. परंतु आमच्यापाशी ती झोळी नाही आणि तो दमही नाही. क्षाराने पोखरलेल्या विमानात कोणाचा तरी मुलगा बसवून टाळ्या घेण्याचा अधिकारही आम्हांस नाही. निवृत्त शिक्षकास पुन्हा वर्गावर पाठवावयाचे नसते. त्याच्या डोक्यावर छप्पर आहे ना एवढे पाहावयाचे असते.

छप्पर न मिळाल्यास काय होते ते विक्रांतने दाखविले आहे. 1997 साली निवृत्त झालेली ती युद्धनौका मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी होती. ती वाचवावी म्हणून सभा झाल्या, ठराव झाले, अश्रू ढाळले गेले. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली आणि ती भंगारात गेली. न्यायालयास दोष देणे सोपे आहे. परंतु न्यायालय निधी उभारीत नाही. अश्रूंच्या एक शतांश रुपये वेळेवर आणि शिस्तीने जमा झाले असते तर याचिकेची वेळ आली नसती.

म्हणून शिस्तीविषयी स्पष्ट बोलू. संग्रहालयाची लेखी संमती हाती येण्यापूर्वी एक रुपयाही गोळा करू नये. निधीचे खाते स्वतंत्र असावे आणि हेतू एकाच वाक्यात लिहिलेला असावा. हेतू अपुरा राहिल्यास अथवा पैसा उरल्यास तो कोठे जाईल हे पावतीवरच छापावे. धर्मादाय निधींचे निम्मे तंटे या एका ओळीच्या अभावी कोर्टात येतात. जमलेल्यापैकी निम्मी रक्कम दुरुस्तीस आणि निम्मी पुढील देखभालीसाठी ठेवावी. दर तिमाहीस हिशेब याच मासिकासारख्या नियतकालिकांत प्रसिद्ध व्हावा. आणि दात्याचे नाव विमानावर कोठेही लिहिले जाऊ नये. ही शेवटची अट पाहून जे मागे सरतील त्यांच्या पैशाची आम्हांस गरज नाही.

घाटगे मराठी होते म्हणून हे करा, असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या नावाने अभिमानाचे नगारे वाजविणे आणि त्यांची कृती मिठाच्या वाऱ्यात सोडून देणे, हा आमच्या अस्मितेचा नेहमीचा व्यापार आहे. गोव्यात मराठी की कोकणी हा वाद चालो. विमानाच्या पत्र्यास चढणारा क्षार दोघांचीही भाषा जाणत नाही. बिदर आणि हैदराबादकडील वाचकांच्या डोक्यावरून ही विमाने एके काळी रोज जात. बेळगाव ते बडोदे येथील मंडळांपाशी सभागृहे आहेत, सभासद आहेत, पावतीपुस्तके आहेत. येत्या वार्षिक सभेत प्रत्येक मंडळाने नव्या कमानीचा एक ठराव मागे घ्यावा आणि त्या जागी छपराचा ठराव मांडावा. तो नामंजूर झाला तरी चालेल. निदान कोणी कशाच्या विरुद्ध मत दिले हे इतिवृत्तात लिहिलेले राहील.