मशीन लावलं का?

खांदा दुखतोय असं चारचौघांत सांगून बघा. पहिला प्रश्न येतो, "फिजिओकडे गेलात का?" आणि लगेच दुसरा, "मशीन लावलं का?" कुठलं मशीन, ते करतं काय, याच्याशी विचारणाऱ्याला देणंघेणं नसतं. मशीन लागलं म्हणजे उपचार झाला. नुसतेच हात वरखाली करायला सांगितले तर ती काय, शाळेतली कवायत!

मीही याच पंथातली होते, हे आधीच कबूल करते.

तर झालं असं. गेल्याच्या गेल्या दिवाळीत माळ्यावरून फराळाचे डबे काढताना उजव्या खांद्यात कळ आली. बाम चोळला, शेकलं, दुर्लक्ष केलं, म्हणजे आपण सगळे जे करतो ते सगळं केलं. संक्रांतीपर्यंत केस बांधायला हात मागे जाईना आणि रात्री त्या कुशीवर झोपता येईना. हाडांच्या डॉक्टरांनी हात चार दिशांना फिरवून बघितला आणि रोटेटर कफचं टेंडन दुखावलंय म्हणाले. टेंडन म्हणजे कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. खांद्याच्या गोळ्याला पुढून, वरून आणि मागून धरून ठेवणारे चार लहान स्नायू असतात, त्यांच्या अशा दोऱ्यांचा मिळून तो कफ. शर्टाच्या बाहीचा असतो तसाच.

मग सोनोग्राफी. इथे एक घोटाळा होतो तो सांगते, कारण माझाही झाला होता. सोनोग्राफी हाही अल्ट्रासाउंड आणि फिजिओकडचं मशीन हाही अल्ट्रासाउंड. दोन्हींत आपल्याला ऐकू न येणारा आवाज अंगात सोडतात, दोन्हींना तो गार गार जेल लावतात. पण सोनोग्राफीचं यंत्र आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतं आणि चित्र काढतं. फिजिओकडचं मशीन ऐकत काहीच नाही, नुसतंच बोलतं. ते आतलं काही बघू शकत नाही. (आपल्याकडे गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४च्या कायद्यामुळे सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र नोंदवलेलं असावं लागतं, त्यामुळे फिजिओ ते सहज टेबलावर ठेवू शकत नाही. खांद्याच्या फोटोसाठीही आपली रवानगी सोनोग्राफी सेंटरात, गरोदर बायकांच्या रांगेत होते. असो.)

रिपोर्टमध्ये 'पार्शल टेअर' असे शब्द होते. टेअर! फाटलंय! माझ्या डोळ्यांसमोर लगेच ऑपरेशन, गळ्यात झोळी, आणि लेकाच्या मुंजीत आहेराची ताटं एका हाताने सांभाळणारी मी. तेव्हा कोणी मला २०११ साली अमेरिकेत छापलेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं असतं तर चार रात्री नीट झोपले असते. खांद्याची काहीही तक्रार नसलेल्या ५१ पुरुषांची, वय ४० ते ७०, सोनोग्राफी केली. त्यातल्या ९६ टक्क्यांच्या खांद्यांत काही ना काही सापडलंच. कुठे जाड झालेलं, कुठे झिजलेलं, कुठे फाटलेलं. आणि दुखत कुणाचंच नव्हतं. केस पिकावेत तसं हे. म्हणजे सोनोग्राफी खोटं बोलते असं नाही, पण तिने दाखवलेलं फाटणं हेच तुमच्या दुखण्याचं कारण आहे हे तिला ठाऊक नसतं. आणि ते कागदावर लिहिलेलं नसतं.

मी ज्या क्लिनिकमध्ये गेले त्याचं नाव सांगत नाही, कारण तशी क्लिनिकं गल्लोगल्ली आहेत. दहा सिटिंगचं पॅकेज. पडदे लावलेल्या कप्प्यांत एकेक पेशंट. आधी पॅड लावून मुंग्या आणणारं आयएफटी, मग त्या अल्ट्रासाउंडची गोल मूठ खांद्यावर पाच-सात मिनिटं फिरवायची. लावणारी मुलगी रोज बदलायची. दुसऱ्या हाताने मोबाइल बघायची, पण त्याचा मला राग नाही, दिवसभर तेच करायचं म्हणजे कोण बघणार नाही. मूठ एका जागी न थांबवता फिरवत ठेवायची एवढं मात्र प्रत्येकीला पक्कं ठाऊक होतं. शेवटच्या दिवशी एक झेरॉक्स दिली. तिच्यावर व्यायामाची आठ चित्रं, पाचवं आणि सहावं शाईत बुडालेलं.

बरं वाटत होतं का? हो, वाटत होतं. अर्धा तास कोणी आपल्या दुखऱ्या भागाकडे लक्ष देतंय, पंखा चालू आहे, घरातलं कोणी हाक मारत नाहीये. बरं न वाटायला काय झालं! घरी येऊन कणीक मळली की खांदा पुन्हा होता तिथे.

मग मी माझ्या सवयीप्रमाणे वाचायला लागले. या मशीनचा इतिहास गमतीचा आहे. काही स्फटिकांना विजेचा झटका दिला की ते थरथरतात, हा शोध एकोणिसाव्या शतकातला. पहिल्या महायुद्धात पॉल लँजव्हँ नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ पाणबुड्या शोधण्यासाठी पाण्यात तसा आवाज सोडत होता. त्याच्या लक्षात आलं की जवळचे मासे मरतायत आणि पाण्यात हात घातला तर वेदना होतात. म्हणजे या आवाजाचा जिवंत शरीरावर परिणाम होतो हे तेव्हाच कळलं. फिजिओकडची मूठ सेकंदाला १० लाख किंवा ३० लाख वेळा थरथरते. १० लाखवाली खोलवर जाते, ३० लाखवाली वरवर राहते. आतल्या पेशी थोड्या तापतात, थोड्या हलतात. इथपर्यंत सगळं खरं आहे. प्रश्न एवढाच की त्याने खांदा बरा होतो का.

याचं उत्तर शोधायची पद्धत मला फार आवडली. अर्ध्या लोकांना चालू मशीन लावायचं, अर्ध्यांना बंद. जेल तोच, मूठ तीच, मिनिटं तेवढीच. कोणाचं चालू होतं हे पेशंटला ठाऊक नाही आणि लावणाऱ्यालाही नाही. इंग्लंडमध्ये खांदेदुखीच्या २२१ पेशंटांवर हे केलं आणि २००७ साली छापलं. व्यायाम आणि सल्ला दोन्ही गटांना सारखाच. दोन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी, कधीच दोन गटांत म्हणावा असा फरक दिसला नाही. बंद मशीनवालेही तितकेच सुधारले!

दुसरी बाजूही सांगायला हवी. खांद्याच्या टेंडनमध्ये कॅल्शियमचा खडा साठतो अशा पेशंटांवर व्हिएन्नात एक अभ्यास झाला, तो १९९९ साली आला. तिथे चालू मशीनवाल्यांचे खडे खरोखर जास्त विरघळले आणि उपचार संपताना दुखणंही कमी होतं. पण त्यांनी पंधरा-पंधरा मिनिटांच्या २४ सिटिंग दिल्या होत्या. आणि नऊ महिन्यांनी पाहिलं तर दुखण्याच्या बाबतीत दोन्ही गट सारखे. म्हणजे मशीन अगदीच थोतांड आहे असं मी म्हणत नाही. मी म्हणते की पाच मिनिटं मूठ फिरवून पावती फाडण्याइतकं ते सिद्ध नाही.

मग टेंडनला लागतं काय? भार. दुखऱ्या दोरीला विश्रांती द्यावी असं आपल्याला वाटतं, पण ती नुसतीच पडून राहिली तर आणखी कमकुवत होते. तिला हळूहळू, मोजून, वाढवत वाढवत ओढ द्यावी लागते. हे डोक्यात बसायला मला स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांची गोष्ट उपयोगी पडली. हे स्वतः हाडांचे डॉक्टर आणि धावणारे. टाचेचं टेंडन दुखायला लागलं. गोष्ट अशी सांगतात की ऑपरेशन करून घ्यायचं म्हणाले तर साहेबांनी रजा परवडणार नाही म्हणून नकार दिला. मग हे इरेला पेटले. टेंडन तुटेपर्यंत व्यायाम करतो, मग तर ऑपरेशन करावंच लागेल! तुटायच्या ऐवजी ते बरं झालं. पुढे १५ धावपटूंना त्यांनी पायरीवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायला लावली, रोज १८० वेळा, १२ आठवडे, दुखलं तरी. सगळे पुन्हा पळायला लागले. १९९८ साली हे छापून आलं. टाच आणि खांदा एक नाहीत, हे मान्य. पण धडा तोच.

मला तो धडा दिला एका दुसऱ्या, अगदी तरुण फिजिओने. मैत्रिणीच्या ओळखीची. तिच्या खोलीत मशीनच नव्हतं. मी इकडेतिकडे बघतेय हे तिने हेरलं असावं. पाऊण तास ती माझ्याशी बोलली. कुठल्या उंचीवरचं काय काढताना दुखतं, कणीक किती, झोपते कशी. मग तीनच व्यायाम. कोपर अंगाशी धरून भिंत ढकलायची. दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून हात बाहेर ओढायचा. आणि भिंतीवरून बोटं चालवत वर न्यायची. "काकू, थोडं दुखेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शांत झालं तर चालू ठेवायचं, नाही झालं तर थोडं कमी करायचं. आणि तीन महिने लागतील, दहा दिवसांत येऊ नका विचारायला."

खरं सांगू? मला फसवल्यासारखं वाटलं. एवढे पैसे दिले आणि मशीन नाही!

चार महिन्यांनी मी माळ्यावरून डबे काढले. आता हे व्यायामाने झालं की काळाने, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण माझा बंद मशीनवाला जुळा खांदा नव्हता. इंग्लंडमध्येच ७०८ जणांवर एक मोठा अभ्यास झाला, २०२१ साली आला. एका बाजूला फिजिओच्या सहापर्यंत भेटी आणि चढत जाणारे व्यायाम, दुसऱ्या बाजूला एकच निवांत भेट, नीट समजावून सांगणं आणि घरी करायचे साधे व्यायाम. वर्षभराने दोन्हीकडे सारखीच सुधारणा. काहींना याचा अर्थ व्यायाम निरुपयोगी असा वाटला. मला तो उलटा वाटतो. एक नीट झालेली भेट सहा भेटींची बरोबरी करू शकते. फक्त ती नीट व्हायला हवी. आणि आपल्याकडे नेमकी तिलाच किंमत नाही. पावतीवर 'अल्ट्रासाउंड' लिहिता येतं, 'आयएफटी' लिहिता येतं. 'पाऊण तास बोललो' हे कुठल्या रकान्यात लिहिणार? तरुण फिजिओंना हे सगळं शिकवलेलं असतं, पण मशीन लावलं नाही तर पेशंट समोरच्या क्लिनिकात जातो. म्हणजे माझ्यासारखाच पेशंट!

(पडल्यावर हात अजिबात उचलला जात नसेल, ताप असेल, किंवा खांद्याबरोबर छातीत जड वाटून घाम येत असेल, तर यातलं काही वाचत बसू नका, थेट डॉक्टर गाठा.)

हे सगळं लिहायचं कारण मात्र माझा खांदा नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी जूनमध्ये भांडी उजव्याऐवजी डाव्या हाताने घासताना दिसल्या. विचारलं तर म्हणाल्या, "खांदा धरलाय ताई. मशीन लावून घेतलं दहा दिवस. तेवढ्यापुरतं बरं वाटतं." दोन हजार रुपये आणि दहा दिवस दोन घरांचे खाडे. व्यायाम सांगितले का? कागद दिला होता. मावशींना वाचता येत नाही. माझ्या झेरॉक्सची पाचवी-सहावी चित्रं आठवली.

त्यांना त्या मुलीकडे घेऊन गेले. तिने पैसे निम्मेच घेतले, हे तिने सांगू नका म्हटलं होतं तरी सांगते. मला वाटलं, मला शिकवले तेच तीन व्यायाम शिकवेल. तिने आधी विचारलं, "मावशी, पिळता किती?" पाच घरांची फरशी, रोज फडकं पिळणं. आणि दोन घरांत चादरी हाताने. "कोणाच्या घरी?" मावशी माझ्याकडे बघेनात.

चादरी आमच्याच होत्या. वॉशिंग मशीनमध्ये त्यांचा रंग जातो म्हणून मी हाताने धुवायला सांगायचे. सहा वर्षं. एकीकडे मी टेंडनवर भार मोजून टाकायचा असतो हे वाचत होते, आणि दुसरीकडे ओल्या डबल बेडच्या चादरी पिळायला लावत होते, न मोजता.

आता चादरी मशीनमध्ये जातात. (शेवटी मशीनच कामी आलं, असं नवरा म्हणतो.) रंग गेला थोडा. पिळायला लागू नये म्हणून दांड्याचा पोछा आणि बादली आणली. मावशी म्हणतात याने कोपरे निघत नाहीत, ते खरं आहे. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींकडे मी स्वतः जाऊन बोलले. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे त्यांनी कधी तक्रार केली नाही हो."

रबरी पट्टा आमच्या स्वयंपाकघराच्या कडीलाच बांधलेला आहे. मावशी आल्या की आधी चहा, मग पंधरा वेळा ओढायचं, मग काम. साडेतीन महिने झाले. हात कानापर्यंत जातो, अंबाडा अजून लेकच घालून देते. चौथ्या मजल्यावरच्या चादरी दर बुधवारी असतात.