पोटात आग, बोटाखाली ‘मान्य आहे’

आपल्या बापजाद्यांनी सावकाराच्या वहीत अंगठे उठवले, तीही ‘संमती’च होती. येरवड्यात १९३२ साली गांधींच्या उपोषणाचा सुरा मानेवर ठेवून बाबासाहेबांची सही घेतली, तिलाही इतिहास ‘करार’ म्हणतो. आता तेच दुकान मोबाइलात थाटलंय.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा कलम ६ मध्ये म्हणतो, संमती मुक्त, माहितीपूर्ण, विनाअट हवी. वाचायला झकास! पण गोदीत ठेकेदाराच्या ॲपावर ‘मान्य आहे’ दाबलं नाही तर टोळीत नाव लागत नाही. ही कसली विनाअट? आणि कलम ७ उघडा. नोकरीच्या कामासाठी मालकाला संमती लागतच नाही. म्हंजे जिथं आपली मान अडकलेली, नेमकं तिथंच आपल्याला कुणी विचारणार नाही.

आणि जात? २०१९ च्या विधेयकात जात-जमात ‘संवेदनशील’ माहितीत होती. २०२३ मध्ये साल्यांनी तो वर्गच उडवला. आता माझी जात अन् माझ्या बुटाचं माप एकाच गोणीत. आडनाव विचारणाऱ्या मुकादमाच्या डोळ्यात डोळा घालून बघता तरी यायचं. ॲपातली यादी कोण चाळतो, कुणाला विकतो, कुणाच्या बापाला कळत नाही.

राखीव जागेला जात लागते, तिथं ती छाती ठोकून सांगू. पण गोणी उचलायला कशाला? मला टिक करायचा चौकोन नको. खाजगी मालकानं, ठेकेदारानं जात विचारणं हाच गुन्हा ठरवा, आमची ‘संमती’ असली तरी.