मेडिकलच्या गर्दीतली ‘बाहेरची’ बाई

‘मेडिकलमध्ये आपल्याच माणसांना खाट मिळत नाही हो, सगळी एमपीवाल्यांची गर्दी!’ नागपुरात हे वाक्य भिशीत ऐकू येतं, भाजीच्या ठेल्यावर ऐकू येतं, चांगल्या शिकल्यासवरल्या घरातही ऐकू येतं. मला मात्र दरवेळी विचारावंसं वाटतं, अगं बाई, तापानं फणफणलेलं लेकरू मांडीवर घेऊन शंभर-सव्वाशे किलोमीटर कुणी हौसेनं येतं का?

साधं अंतर बघा. छिंदवाड्याहून नागपूर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. सौंसर, पांढुर्णा त्याहून जवळ. आणि त्यांची राजधानी भोपाळ? छिंदवाड्याहून जवळजवळ तीनशे. जबलपूरही दोनशेच्या वर. कळा सुरू झालेल्या बाईनं कुठली वाट धरावी, सांगा बरं!

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंची नणंद सौंसरकडची. मुलाच्या उपचारासाठी महिनाभर भावाच्या एका खोलीत राहिली. मी सहज विचारलं, ‘तुमच्याकडे सरकारी दवाखाना नाही का?’ म्हणाली, ‘आहे ना काकू. पण डॉक्टर दोन दिवस पाहाते अन् मंग म्हनते, नागपूरले घेऊन जा. मंग ते दोन दिवस तरी कायले घालवाचे?’ एवढा सरळ हिशेब आहे. छिंदवाड्यात 2019 पासून मेडिकल कॉलेज आहे, नाही असं नाही. पण अवघड केस झाली की आजही बोट नागपूरकडेच दाखवलं जातं. आणि ज्या दवाखान्यातून आपली जाऊ बरी होऊन आली, त्याच दवाखान्यावर आपला भरवसा बसतो. तुमचा-माझाही असाच बसतो ना?

शिवाय ‘बाहेरचे’ म्हणजे नक्की कोण? आपलं मेडिकल सुरू झालं 1947 साली. तेव्हा नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती आणि छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, बैतुल हे सगळे जिल्हे त्याच प्रांतात होते. राज्यांची सरहद्द इथून गेली ती 1956 साली. म्हणजे ज्यांच्यासाठी हा दवाखाना बांधला, त्यांच्यात सौंसरची आजीही होती. रेष नंतर आली! सोयरिकी तर आजही थांबलेल्या नाहीत. काटोल-सावनेरच्या मुली पांढुर्ण्याकडे दिल्या जातात, तिकडच्या इकडे येतात. बाळंतपणाला मुलगी माहेरी येते, तिला का आपण परप्रांतीय म्हणायचं?

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परासियाच्या आसपासची लहान लहान मुलं खोकल्याच्या विषारी औषधानं किडनी निकामी होऊन दगावली. वीसहून जास्त. साधा सर्दी-खोकला म्हणून आईनं चमच्यानं पाजलेलं औषध! त्यातली कितीतरी मुलं शेवटी नागपूरच्या दवाखान्यांत होती. त्या दिवसांत ‘एमपीवाल्यांची गर्दी’ म्हणायची कुणाची जीभ रेटली असेल, असं मला वाटत नाही.

माझं लक्ष पेशंटपेक्षा सोबत आलेल्या बाईकडे जास्त जातं. पुरुष दोन दिवस थांबतात, मग मजुरी बुडते म्हणून परततात. त्यांचंही खोटं नाही. उरते ती. झाडाखाली पथारी, पिशवीत गावाकडून बांधून आणलेला आटा, घरी दुसरी दोन पोरं सासूच्या जिवावर टाकलेली. न कळणाऱ्या इंग्रजी कागदांची चळत पदराआड सांभाळत ती या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरते. आणि तिच्या स्वतःच्या दुखण्याचं काय? अंगावरून जातंय, स्तनात गाठ लागतेय, तर त्यासाठी ती नागपूरला येते का? कापूस निघाला की, मुलीचं लग्न झालं की, असं करत ती येते तेव्हा डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, ‘इतके दिवस काय करत होता?’ ज्या बाईला दवाखाना गाठायला दुसऱ्या राज्यात जावं लागतं, तिचा नंबर घरात शेवटचा लागतो.

आणि आपण काय वेगळं करतो हो? आपल्याच सिरोंच्याची माणसं गडचिरोली दोनशे किलोमीटरवर पडते म्हणून तेलंगणात मंचेरियल, वारंगळ गाठतात. सिंधुदुर्गातली गोव्याला, बांबोळीच्या गोमेकॉत जातात. 2018 साली गोव्यानं बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्गची माणसं आंदोलनाला बसली. तेव्हा आपल्याला तो अन्याय वाटला. मग मेडिकलच्या रांगेत आपला न्याय का बदलतो?

महात्मा फुले जनआरोग्य योजनेला महाराष्ट्राचं रेशनकार्ड किंवा रहिवासाचा दाखला लागतो. 2023 मध्ये सरकारनं ही योजना कर्नाटकातल्या 865 सीमावर्ती गावांना लागू करायचं ठरवलं. मराठी माणूस म्हणून. चांगलंच आहे. पण घरात मराठी बोलणारी सौंसर-पांढुर्ण्याची बाई त्या यादीत कुणाला आठवली नाही, कारण तिच्या नावानं आंदोलन नाही. तिच्याकडे आयुष्मान कार्ड असेल तर ते नागपुरात चालतं. पण कार्ड घरी राहिलं, नावात चूक निघाली, की पुन्हा सव्वाशे किलोमीटर.

दोन्ही सरकारांनी बसून पैशांचा हिशेब आपसात करावा, रांगेतल्या बाईला त्यात ओढू नये. खाटा कमी पडतात हे खरंच आहे, तर त्या वाढवून मागाव्यात, आणि मागताना तिकडचे पेशंटही मोजावेत. तोवर निदान एवढं तरी व्हावं. समाजसेवा अधीक्षकांच्या खोलीकडे जायची पाटी हिंदीतही, ठळक अक्षरांत लागावी. सोबतच्या बाईला रात्री पाठ टेकायला छप्पर आणि आंघोळीला आडोसा असावा. सुट्टीच्या कागदावर पुढची तारीख, गोळ्या कशा घ्यायच्या ते हिंदीत लिहून द्यावं, म्हणजे तिच्या गावची आशाताई तरी तो कागद वाचू शकेल.