न पिणाऱ्याचा पेला

डिसेंबर महिन्यात कोका-कोलाचा खप निम्म्याच्या आसपास घसरतो असा देश पृथ्वीच्या पाठीवर बहुधा एकच असेल, आणि तो म्हणजे स्वीडन. ज्या पेयापुढे या चक्रवर्ती अमेरिकन कंपनीला दरवर्षी महिनाभर माघार घ्यावी लागते, ते ‘यूलमुस्ट’ नावाचे, गडद तपकिरी रंगाचे, हॉप्स व मॉल्ट यांच्या कडवट-गोड चवीचे, बिअरसारखे फेसाळणारे परंतु मद्यार्कापासून सर्वस्वी मुक्त असे पेय १९१० साली ओरेब्रू या शहरात हॅरी रॉबर्ट्स आणि त्याचे वडील रॉबर्ट रॉबर्ट्स या पितापुत्रांनी सिद्ध केले. आणि आज सुमारे एक कोटी वस्तीचा तो देश नाताळाच्या सुमारास त्याचे साडेचार कोटी लिटरांच्या घरात प्राशन करतो. नाताळ सरला की ते दुकानांतून दिसेनासे होते, आणि ईस्टर जवळ आला की निराळे नाव व निराळे लेबल धारण करून काही आठवडे पुन्हा प्रकट होते. काही रसिक तर काचेच्या बाटल्या तळघरात वर्षभर मुरायला ठेवतात आणि पुढल्या नाताळात, आपल्याकडे जुन्या लोणच्याची बरणी उघडावी तशा अभिमानाने, त्या पाहुण्यांपुढे उघडतात.

अशा प्रेमाची संभावना ‘गतकाळाचा भाबडा उमाळा’ या शब्दांत करून मोकळे होण्याची आपल्या विचारवंतांना सवय जडली आहे. साखरेचे पाणी, त्यात रंग, त्यात वायू, वर एक चित्रमय चिठ्ठी, आणि एवढ्यासाठी प्रौढ माणसांनी डोळे ओले करावेत हे त्यांना असमंजस वाटते. मला तसे वाटत नाही. स्वीडिश माणूस जुन्या बाटलीकडे पाहून जेव्हा सद्गदित होतो, तेव्हा त्याच्या मनात केवळ बालपण जागे होत नसून, आपल्या समाजाने एके काळी पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला, पिणाऱ्याला आणि न पिणाऱ्याला, सारख्याच सन्मानाने पेला भरून दिला होता ही गोष्टही जागी होत असते; आणि ज्या गोष्टीची आठवण समाजाला इतकी प्रिय आहे, ती कोणत्या व्यवस्थेमुळे टिकली याचा शोध घेणे हे उपहासापेक्षा निश्चितच अधिक उपयोगाचे आहे.

त्या व्यवस्थेचे मूळ मद्यपाननिषेधाच्या चळवळीत आहे. एकोणिसाव्या शतकातला स्वीडन हा घरोघर गाळल्या जाणाऱ्या ब्रांडीने पोखरलेला, दरिद्री आणि थंड देश होता, आणि १८७९ साली गोथेनबर्ग येथे ज्या निर्व्यसनी बंधुमंडळाची पहिली शाखा निघाली, त्याच्यासारख्या संघटनांनी पुढील तीस वर्षांत लक्षावधी सभासद गोळा केले. या मंडळींनी सभागृहे बांधली, वाचनालये चालवली, नृत्याचे मेळावे भरवले. आणि मेळावा म्हटला की पेय आले. बिअरचा रंग, फेस आणि गांभीर्य असलेले, पण शुद्धीवर ठेवणारे पेय निर्माण करण्याची रॉबर्ट्स पितापुत्रांची खटपट या वातावरणातून जन्मली. त्याआधीही त्या देशात कृत्रिम खनिजजलाची परंपरा होतीच: उप्सालाचा रसायनज्ञ तोर्बर्न बेरिमान याने १७७१ साली खडू व गंधकाम्ल यांच्या साह्याने पाण्यात वायू मिसळण्याची रीत शोधली होती, आणि स्टॉकहोमच्या औषधविक्रेत्यांनी १८७४ साली एकत्र येऊन काढलेल्या ‘अपोतेकार्नेस’ या कारखान्याचे नाव आजही यूलमुस्टच्या बाटलीवर झळकते. म्हणजे औषधालयातून निघालेले पाणी चळवळीच्या सभागृहातून फिरून नाताळाच्या मेजावर पोहोचले.

सरकारनेही आपला अंमल बसवला. इव्हान ब्रात या डॉक्टराच्या योजनेनुसार दारू विकत घेणाऱ्या प्रत्येक इसमास ‘मूटबूक’ नावाची परवाना-पुस्तिका बाळगावी लागे, प्रत्येक खरेदीची नोंद तीत शिक्क्यानिशी होई, आणि दरमहा ठरलेल्या मापापलीकडे एक थेंबही मिळत नसे. ही पद्धत १९५५ च्या ऑक्टोबरपर्यंत चालू होती. संपूर्ण दारूबंदी करावी की नाही यावर २७ ऑगस्ट १९२२ रोजी लोकमत घेण्यात आले. स्त्रियांनी त्याच्या जेमतेम वर्षभर आधी पहिल्यांदा मतदान केले होते, आणि या वेळी त्यांच्या मतपत्रिका पुरुषांहून वेगळ्या मोजल्या गेल्या, त्यामुळे इतिहासाला एक विलक्षण दस्तऐवज लाभला: पुरुषांपैकी सुमारे ५९ टक्के दारूबंदीच्या विरोधात होते, आणि स्त्रियांपैकी जवळजवळ तितक्याच बाजूने. एकूण गोळाबेरीज ५१ विरुद्ध ४९ अशी होऊन दारूबंदी फेटाळली गेली.

त्या मतदानासाठी चित्रकार आल्बर्ट एंगस्ट्रोम याने काढलेले भित्तिपत्रक मी स्वीडिश जाहिरातकलेचे शिखर समजतो. मेजावर लालभडक खेकडेवजा क्रेफिशची ताटली आहे, शेजारी बाटली व पेला आहे, आणि चित्रकाराच्याच तोंडवळ्याचा एक संतप्त गृहस्थ त्या ताटलीकडे बोट दाखवून बजावतो आहे की असल्या अन्नाला असलेच पेय लागते, आणि ज्याने विरोधात मत दिले नाही त्याने ऑगस्टातल्या या मेजवानीवर पाणी सोडावे. तत्त्वचर्चा नाही, आकडे नाहीत. उन्हाळा ओसरताना अंगणात दिवे लावून क्रेफिश खाणाऱ्या सबंध राष्ट्राच्या जिभेलाच साक्षीदार म्हणून उभे केले आहे. मी स्वतः विरुद्ध पक्षाचा असतो, तरीही या चित्रापुढे निरुत्तर झालो असतो. पण त्यातूनच निर्व्यसनी पक्षाला आपले काम कळले: मेजवानीचा आनंद काढून घेऊन चालणार नाही, तर त्याच मेजावर आपलाही पेला तितक्याच दिमाखाने मांडला पाहिजे.

तो दिमाख ‘पोमाक’ या पेयाने आणला होता. १९१९ साली आन्डर्स लिंडाल याने तयार केलेले, फळे व बेरी यांच्या अर्काचे, आणि ओकच्या पिंपांत तीन महिने मुरवलेले हे सोनेरी पेय आरंभापासूनच सुखवस्तू घरांतील द्राक्षमद्याच्या जागी मांडण्याच्या हेतूने विकले गेले. ते उंच, निमुळत्या पेल्यातच ओतावयाचे. लग्नात, बारशात, पदवीदानाच्या मेजवानीत शॅम्पेन फिरत असता आजी, गर्भवती सून, दहा वर्षांचा नातू आणि व्रतस्थ काका यांच्या हातांतही तसलाच पेला, तसलाच रंग, तसलेच बुडबुडे असत. आणि शुभेच्छेसाठी पेले उंचावले जात तेव्हा कोणाला ओशाळे व्हावे लागत नसे. ज्या माणसाने आपल्या आयुष्यात एकदाही मेजवानीत ‘तुम्ही काहीच घेत नाही का?’ या प्रश्नाला तोंड दिले आहे, त्याला या गोष्टीचे मोल समजावून सांगण्याची गरज पडू नये. २००४ साली मालक असलेल्या कार्ल्सबर्ग कंपनीने पोमाकचे उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा देशभर असा गिल्ला झाला की कंपनीला तो निर्णय मागे घ्यावा लागला. तो ओरडा केवळ चवीसाठी होता, असे मला वाटत नाही.

जाहिरातीच्या बाबतीतही त्या देशाची वाट निराळी होती. १९५६ साली तेथे नियमित दूरचित्रवाणी सुरू झाली ती जाहिरातींशिवाय, आणि १९८७ च्या अखेरीस लंडनहून उपग्रहाद्वारे एक वाहिनी दिसू लागेपर्यंत घरातल्या पडद्यावर एकही जाहिरात उमटली नाही; पुढे व्यापारी वाहिनीला मुभा मिळाली तेव्हाही बारा वर्षांखालील मुलांना उद्देशून जाहिरात करण्यास कायद्याने मज्जाव करण्यात आला. परिणामी जाहिरातीला राहण्यासाठी चित्रपटगृह, साप्ताहिकाचे पान आणि दुकानाच्या दारावरची मुलामा दिलेली लोखंडी पाटी एवढीच जागा उरली, आणि जागा थोडी असल्यामुळे तिच्यात हुन्नर आला. १९५१ साली करमणूक कराच्या निषेधार्थ चित्रपट-निर्मात्यांनी काम बंद ठेवले असता, कुटुंबांच्या पोषणाची जबाबदारी अंगावर असलेल्या इंगमार बर्गमन याने ‘ब्रीस’ नावाच्या साबणाचे नऊ लघुपट केले. त्यांपैकी एकात डुकरे राखणारा पोर साबणाच्या वडीच्या बदल्यात राजकन्येकडे शंभर चुंबने मागतो. ती राजकन्या म्हणजे पंधरा वर्षांची बिबी आन्डर्सन, जी पुढे त्याच दिग्दर्शकाच्या चित्रपटांतून जगाला परिचित झाली. मिनिटा-दीड मिनिटाच्या त्या फिती पाहताना जाणवते की विकणाऱ्याने पाहणाऱ्याच्या बुद्धीचा अवमान केलेला नाही. आज आपल्या घरात पाच वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांपुढे तासाला जे काही ओतले जाते, त्याच्या शेजारी हे ठेवून पाहावे.

या सगळ्यात परदेशद्वेष नाही, हेही नमूद केले पाहिजे. नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारी ३ वाजता यूलमुस्टचा पेला हाती घेऊन स्वीडिश कुटुंबे १९६० पासून जो कार्यक्रम न चुकता पाहत आली आहेत, तो वॉल्ट डिस्नेच्या बदकाचा आहे. उलट बाजूने, कोका-कोलाच्या कमनीय बाटलीचे १९१५ सालचे पेटंट ज्याच्या नावावर आहे तो अलेक्झांडर सॅम्युएल्सन हा स्वीडनहून इंडियानात गेलेला काचकारागीर. आणि १९३१ पासून त्याच कंपनीसाठी लाल झग्यातला, गुबगुबीत सांताक्लॉज रंगवणारा हॅडन सुंडब्लोम हा स्वीडिशभाषक घराण्यातला. देणेघेणे दोन्ही दिशांनी चालले. प्रश्न फक्त एवढाच होता की देवघेवीनंतर आपले काही शिल्लक राहते की नाही.

आणि येथे मी त्या व्यवस्थेच्या गाभ्याशी येतो, जिच्याकडे स्मरणरंजनात रमलेले आणि त्याची थट्टा करणारे असे दोघेही पाहत नाहीत. खाद्यपेयविषयक निर्बंधांमुळे कोका-कोला स्वीडनमध्ये १९५३ पर्यंत विकता येत नव्हते. निर्बंध उठला त्याच वर्षी, अमेरिकन बाटल्या दुकानांत पोहोचण्याच्या काही महिने आधी, माल्मोच्या साटुर्नुस या अर्क बनवणाऱ्या कारखान्याने ‘कूबा कोला’ बाजारात उतरवले, आणि त्याच वर्षी सफरचंद व संत्रे यांच्या चवीचे ‘ट्रोकादेरो’ही. साटुर्नुस अर्क करी. बाटल्या भरत निरनिराळ्या गावांतले लहान-मोठे कारखानदार, आपापल्या पाण्याने, आपापल्या लेबलाखाली. ओरेब्रूचे रॉबर्ट्सही तेच करत आले आहेत: कृती गुप्त, अर्क सर्वांना खुला. त्यामुळे एखादा कारखाना बुडाला तरी पेय बुडत नाही. एखादा मोठ्या कंपनीने गिळला तरी शेजारच्या तालुक्यात दुसरा तेच भरत असतो. आणि कोणाचे ट्रोकादेरो अस्सल, यावर उत्तरेकडील नॉरलंडात, जेथे ते प्रांताचे पेय म्हणूनच मिरवते, माणसे तावातावाने भांडू शकतात. पोमाकला एकच मालक असल्यामुळे त्याच्यासाठी सबंध देशाला ओरडावे लागले. यूलमुस्टसाठी तशी वेळ आली नाही. २००७ साली तर कोका-कोलानेच स्वतःचे यूलमुस्ट काढून पाहिले.

जुन्या काळात सगळे मंगलच होते असे म्हणणे मात्र खोटेपणाचे होईल. त्या परवाना-पुस्तिका विवाहित स्त्रियांना सामान्यतः मिळत नसत. दारूच्या दुष्परिणामांनी सर्वाधिक पोळलेल्या आणि १९२२ साली त्याविरुद्ध मत देणाऱ्या स्त्रियांनाच सरकारदप्तरी स्वतंत्र व्यक्ती म्हणून जागा नव्हती. आणि साखर ही साखरच आहे. ती आजोबांच्या काळातली आहे म्हणून दातांना किंवा स्वादुपिंडाला सवलत देत नाही. वर्षातून काही आठवडे पिण्याचे पेय बारमाही करावे असे माझे म्हणणे नाही. यूलमुस्टचे शहाणपण त्याच्या ऋतुबद्धतेतही आहे.

आपल्याकडचा हिशेब काय सांगतो? मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला, परवान्यांची दफ्तरे उघडली, अबकारी खात्याचे शिपाई वाढवले. परंतु लग्नाच्या मांडवात न पिणाऱ्याच्या हाती द्यावयाचे मानाचे, स्वतःचा थाट असलेले पेय घडवण्याचा विचार कोणाच्या मनात आल्याचे दिसत नाही. दिनशॉजी पांडोळे यांनी १८८९ साली मुंबईत सुरू केलेल्या ड्यूक्सची पेये एका कुटुंबाच्या मालकीची होती. १९९४ साली ती पेप्सीकडे गेली. पार्ल्यात वाढलेले गोल्ड स्पॉट एका कंपनीचे होते; १९९३ साली कोका-कोलाने पार्लेची पेये विकत घेतली, थम्स अप तगले, आणि गोल्ड स्पॉट पुढे फँटासाठी बाजूला सारले गेले. त्या नारिंगी बाटलीसाठी हळहळणारे लोक महाराष्ट्रात आजही पुष्कळ आहेत, आणि त्यांची हळहळ स्वीडिश माणसाच्या हळहळीहून उणी नाही. उणी होती ती व्यवस्था.

तालुक्याच्या गावी सोडा-लिंबूचे कारखाने अजून तग धरून आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कोकमाचा अर्क करणारी घरे आहेत. सहकाराचा अनुभव तर या राज्याइतका क्वचित कोठे असेल. कोकणातल्या एखाद्या सहकारी संघाने उत्तम, कमी साखरेचा, एकाच प्रमाणाचा कोकम-अर्क तयार करावा, तो कोल्हापूरच्या, वाईच्या, जालन्याच्या सोडेवाल्याला सारख्या दराने द्यावा, आणि त्याने तो आपल्या पाण्यात, आपल्या नावाच्या काचेच्या बाटलीत भरून चैत्र-वैशाखातल्या लग्नसराईपुरता विकावा, अशी योजना राज्याच्या पणन खात्याने हाती घेण्यास कोणती अडचण आहे, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.