कात्री कुणाच्या हाती?

आमच्या वस्तीतल्या शिवणवर्गात इतक्या वर्षांत कितीतरी मुली शिकून गेल्या. ब्लाऊज, परकर, झबली, पंजाबी ड्रेस. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "ताई, शर्ट-पँट का नाही शिकवत?" मी पटकन म्हणाले, "जेन्ट्स कपडे मास्तरांकडेच जातात गं. तुला कोण देणार?" समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, श्रमविभागणीवर शिबिरांतून तासन्‌तास बोलणारी मी! दोन वाक्यांत तिचं दार बंद करून मोकळी झाले. ते उत्तर मला नंतर बरेच दिवस टोचत राहिलं.

त्याच सुमारास वू यंग-मी या कोरियन बाईंविषयी वाचनात आलं. १९८८ मध्ये, सोल ऑलिम्पिकच्या वर्षी, त्यांनी 'सॉलिड ऑम' या नावाने पुरुषांच्या कपड्यांचा व्यवसाय सुरू केला. २००२ मध्ये स्वतःचंच नाव देऊन दुसरी कपडेमालिका पॅरिसला नेली. पुढे मुलगीही त्यांच्यासोबत या कामात आली. पुरुषाने कसं दिसावं हे एक बाई ठरवते आणि कपड्यावर आपलं नाव घालते. आजवर बाईने काय ल्यावं हे ठरवणारे बहुतेक पुरुषच होते, म्हणून मला याचं अप्रूप वाटलं.

कुणी म्हणेल, या महागड्या फॅशनशी आपलं काय देणंघेणं? तिथल्या एका कोटाच्या किमतीत आमच्या मुलींची घरं कित्येक महिने चालतील. प्रश्न रास्त आहे. पण कपड्याचा धंदा म्हणजे नुसती फॅशन नाही, त्यात बायकांचा घाम आहे. कोरियात तर फारच. १९६० च्या दशकात सोलच्या प्योंगह्वा बाजारात, ताठ उभंही राहता येणार नाही अशा पोटमाळ्यांवर, कोवळ्या वयाच्या मुली दिवसाचे चौदा-पंधरा तास शिवत असत. कापड बेतणारे, कात्री चालवणारे मात्र पुरुष. त्यांच्यातलाच एक, चोन थे-इल, या मुलींचे हाल पाहून लढायला उभा राहिला आणि १३ नोव्हेंबर १९७० रोजी त्याने स्वतःला जाळून घेतलं. तो २२ वर्षांचा होता. त्याची आई ली सो-सन हिने कामगारांची लढाई २०११ मध्ये मरेपर्यंत सोडली नाही.

म्हणजे शिवणं बायकांना कधीच नाकारलं गेलं नव्हतं. नाकारली गेली ती कात्री, भाव ठरवण्याचा हक्क आणि नाव. सोलमधल्या एका बाईने या गोष्टी हाती घेतल्या, याचं मोल मला म्हणूनच मोठं वाटतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यासाठी वूबाईंनी जे कपडे केले, त्यांची प्रेरणा होती जेजू बेट. त्यात दोन धागे होते. एक हेंड्रिक हामेल, १६५३ मध्ये जहाज फुटून या बेटाला लागलेला डच कंपनीचा कारकून. दुसरा धागा हेन्यो, म्हणजे जेजूच्या समुद्रात बुडी मारणाऱ्या बायका. ऑक्सिजनची नळकांडी न घेता, एका दमात सुमारे मिनिटभर, दहा मीटर खोलपर्यंत जायचं. शिंपले, शेवाळ काढायचं. वर येऊन शिट्टीसारखा श्वास सोडायचा. आता त्यांच्यात बहुतेक जणी साठी ओलांडलेल्या आहेत. २०१६ मध्ये युनेस्कोने या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. घर चालवणाऱ्या याच बायका, तरी पितरांच्या पूजेचा मान पुरुषांचाच राहिला.

आता या दोन धाग्यांकडे नीट पाहा. हामेल तेरा वर्षं कोरियात अडकला, सुटल्यावर त्याने हकीकत लिहिली, आणि कंपनीकडून थकलेला पगार मागणं हाही ती लिहिण्याचा एक हेतू होता. साडेतीनशे वर्षांनंतरही आपल्याला त्याचं नाव ठाऊक आहे. हेन्यो मात्र सगळ्या मिळून फक्त 'हेन्यो'. हक्काचे पैसे त्यांनी मागितले नाहीत असं थोडंच आहे? १९३२ मध्ये, जपानी अंमलाखाली त्यांच्या मालाचा भाव पाडणाऱ्या मच्छी संघटनेविरुद्ध या बायका हजारोंनी रस्त्यावर उतरल्या होत्या.

'प्रेरणा' या शब्दाची मला भीती वाटते ती यासाठी. आपल्याकडेही बाई कुणाची तरी प्रेरणास्थान असते, स्फूर्तिदेवता असते. सत्काराला तिला शाल मिळते, हिशेबाच्या वेळी तिची आठवण राहत नाही. वूबाईंनी हेन्योंची कष्टाची परंपरा पुरुषांच्या कपड्यांत मानाने आणली, याचा मला आनंदच आहे. बायकांच्या कामाची लाज न वाटता ते पुरुषाच्या अंगावर चढावं, ही छोटी गोष्ट नाही. पण एका बाईच्या हाती कात्री आली की सगळ्या बायकांच्या हाती आली, असं समजण्याची चूक आपण करू नये. शिवणारीला काय मिळतं आणि जिच्यावरून सुचलं तिला काय मिळतं, हे दोन प्रश्न बाई मालक असली तरी विचारावेच लागतील.

आणि पहिला प्रश्न मी स्वतःला विचारला. यंदा वर्गात शर्ट शिकवायला सुरुवात केली आहे. शिवणं नंतर, आधी माप घेणं, बेतणं, कापणं, आणि मजुरी किती सांगायची हेही. माप घ्यायला अजून पुरुष गिऱ्हाईक येत नाही. मुली भावांचे जुने शर्ट उसवून शिकतात. पहिल्या शर्टाची कॉलर वाकडी झाली. तिने ती उसवली आणि परत कापायला घेतली.

मैत्रिणींनो, आपल्या संस्थांमधून चालणाऱ्या शिवणवर्गांचे अभ्यासक्रम एकदा काढून बघा. त्यात कात्री कुणाच्या हाती दिली आहे?