गाडी शंभरला लावताना पुढचे शंभर मीटर कुणाचे?

नवे चौपदरी रस्ते, उसाच्या ट्रॉल्या आणि पोरांची पळवापळवी : वेगाचा हिशोब काय सांगतो

संध्याकाळी सातच्या सुमाराला पालखी मार्गावरच्या कुठल्याही फाट्यावर दहा मिनिटं उभं राहिलं तरी पुरतं. लांबून आधी आवाज येतो. मग एक मोटारसायकल चहाच्या टपरीसमोरून सूं करून निघून जाते. चालवणारा टाकीवर झोपलेला, मागचा त्याला चिकटलेला, दोघांच्याही डोक्यावर काही नाही. टपरीवरची म्हातारी माणसं मान हलवतात. पोरं मात्र काटा कुठवर गेला असेल याच्यावर पैज लावतात. "नव्वद आसंल." "न्हाय रं, शंभरच्या वर गेलता."

सोलापूर जिल्ह्यात माळशिरसपासून पंढरपूर, मोहोळपर्यंत हे चित्र आता रोजचं झालं आहे. आपलं पोरगं रात्री नऊला घरी आलं नाही की कितीतरी घरांत आई फोन हातात घेऊन दारात उभी असते. म्हणून हा विषय फक्त 'आजकालची पोरं' म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

रस्ता बदलला, सवय बदलली

दहा वर्षांपूर्वी याच भागात गाडी शंभरला न्यायची म्हटली तरी रस्ता जाऊ देत नव्हता. खड्डे, अरुंद डांबर, कडेला खचलेली साइडपट्टी. पुढं संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग आणि संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचं काम आलं. नोव्हेंबर 2021 मध्ये पंढरपुरात त्याचं भूमिपूजन झालं. दिवेघाट ते मोहोळ हा एक आणि पाटस ते तोंडले-बोंडले हा दुसरा. पुणे-सोलापूर महामार्ग आधीच चौपदरी होता. वारकऱ्यांना सुखानं चालता यावं म्हणून झालेला रस्ता वर्षातले बाकीचे दिवस पोरांना शर्यतीचं मैदान वाटायला लागला.

गाड्याही बदलल्या. पूर्वी घरात एक शंभर सीसीची मोटारसायकल असायची, तिच्यावर बाप दूध घालायला जायचा आणि तीच पोरगा कॉलेजला न्यायचा. आता दीडशे, दोनशे सीसीची गाडी हप्त्यावर सहज दारात येते. गाडी आणि रस्ता दोन्ही वेगाचे झाले. गाव मात्र तेच आहे. शेत रस्त्याच्या एका बाजूला, वस्ती दुसऱ्या बाजूला, आणि मधून जनावरं, बैलगाडी, शाळेची पोरं आणि डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली बाई.

मजा खोटी नाही

वेगात मजा नसते असं सांगणारा माणूस पोरांना खोटा वाटतो, आणि त्यात पोरांचं चुकत नाही. वेगात मजा असतेच. गाडीनं वेग धरला की अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळतं, छाती धडधडते, डोकं एकदम जागं होतं. दिवसभर शेतात राबून, भरतीची तयारी करून किंवा नुसतंच कामाच्या शोधात हिंडून कंटाळलेल्या पोराला त्या दोन मिनिटांत आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. गाडी आपल्या मुठीत आहे, ती आपलं ऐकते. बाकी आयुष्यात ऐकणारं फारसं कुणी नसतं.

त्यात मित्र मागं बसलेला असला, किंवा मोबाइल समोर धरून रील काढत असला, की मूठ आणखी पिळली जाते. धोका तोलून थांबायला सांगणारा मेंदूचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत असतो, असं मेंदूचे अभ्यासक सांगतात. अठरा-वीसच्या वयात मजा लगेच कळते, धोका उशिरा कळतो.

आणखी एक फसवणूक आहे. सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटं ऐंशीनं गेलं की ऐंशी हळू वाटायला लागतं. मग नव्वद, मग शंभर. गावाच्या फाट्याशी वेग साठवर आणला की गाडी जवळजवळ थांबल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती तेव्हाही सेकंदाला सोळा-सतरा मीटर पळत असते.

हिशोब शंभर मीटरचा

समोर काही आडवं आलं तर ते दिसून, डोक्यात शिरून, हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. साठच्या वेगात तेवढ्यात गाडी पंचवीस मीटर पुढं गेलेली असते. मग कोरड्या चांगल्या रस्त्यावर नीट ब्रेक लागला तर आणखी वीसेक मीटरमध्ये ती थांबते. म्हणजे एकूण पंचेचाळीस मीटर.

शंभरच्या वेगात दीड सेकंदात बेचाळीस मीटर संपतात. ब्रेक लागल्यावर आणखी पंचावन्न-साठ मीटर लागतात. एकूण शंभर मीटर. म्हणजे साठवाला जिथं थांबून पाय टेकवतो, तिथं शंभरवाल्यानं ब्रेक नुकताच दाबलेला असतो आणि तो जवळजवळ पूर्ण वेगात असतो. त्याच जागी म्हैस उभी असली तर साठवाला शिव्या देऊन पुढं जातो. शंभरवाल्याला तेवढीही संधी मिळत नाही.

वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. हे कळायला विहिरीचं उदाहरण पुरे आहे. साठच्या वेगानं भिंतीवर आदळणं म्हणजे सुमारे पंचेचाळीस फूट खोल कोरड्या विहिरीत पडणं. शंभरच्या वेगानं आदळणं म्हणजे सव्वाशे फुटांवरून पडणं, तशा जवळपास तीन विहिरी एकाखाली एक. विहिरीच्या काठावर कुणी एका पायावर नाचत नाही. गाडीवर मात्र खोली दिसत नाही.

वळणाचंही तसंच. वेग दुप्पट झाला की वळणावर टायरला चौपट पकड लागते. आणि आपल्याकडं वळणावर कधी बारीक खडी पसरलेली असते, कधी मुरूम, कधी शेतातून बाहेर आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची चिखलमाती. पहिल्या पावसात डांबरावरचं तेल आणि धूळ मिसळून रस्ता साबणासारखा होतो. चालवणाऱ्याचा हात कितीही बसलेला असला तरी टायरखालची खडी त्याला ओळखत नाही.

हंगामातली रात्र

ऊसपट्ट्यात गाळप हंगाम सुरू झाला की धोका वेगळाच होतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अंधारात संथ चालतो. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तरी लोंबत्या वाढ्यांनी झाकलेला. कधी पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच दगड लावून उभी.

मोटारसायकलच्या लो बीमचा उजेड साधारण तीस-चाळीस मीटरपर्यंत उपयोगाचा. समोरून गाडी आली आणि डोळे दिपले तर तेवढाही नाही. शंभरच्या वेगाला थांबायला शंभर मीटर लागतात. म्हणजे रात्री या वेगानं जाणारा माणूस त्याला न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी घालत असतो. ट्रॉली दिसेल तेव्हा ब्रेक मारू, हा हिशोबच चुकीचा आहे. दिसेपर्यंत वेळ गेलेली असते.

इथं दोष एकट्या पोराचा नाही हेही स्पष्ट म्हटलं पाहिजे. बिनदिव्याची ट्रॉली रस्त्यावर सोडणारा वाहनमालक, ती गेटातून आत घेणारा कारखाना, फाट्यावर दिवा न लावणारी यंत्रणा, यांचाही त्यात वाटा आहे. पण ट्रॉलीवर आदळून ट्रॉलीला काही होत नाही.

आकडे काय म्हणतात

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. तासाला एकोणीस. त्यातली 74,897 दुचाकीवरची होती. मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त अतिवेगाच्या नावावर नोंदले गेले. एकूण मृत्यूंपैकी सुमारे 68 टक्के ग्रामीण भागातले. महाराष्ट्रात त्या वर्षी 15,224 जण गेले. गेलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश 18 ते 45 वयाचे, म्हणजे घर चालवणारे किंवा उद्या चालवणार होते ते.

हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या 50,029. त्यात 14,337 मागं बसलेले होते. त्यांच्या हातात ना मूठ होती ना ब्रेक. चांगल्या हेल्मेटमुळं मृत्यूचा धोका सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आयएसआय शिक्का असलेलं हेल्मेट पट्टा लावून घातलं तर. आरशाला अडकवलेलं हेल्मेट फक्त आरसा वाचवतं.

कायदा आणि सातबारा

चौपदरी दुभाजक रस्त्यावर मोटारसायकलला कमाल मर्यादा ताशी 80 किलोमीटर आहे, इतर साध्या रस्त्यांवर 60. जिथं फलक कमी वेगाचा असेल तिथं फलकच खरा. हेल्मेट नसेल तर हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. ट्रिपल सीटलाही तेच. रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्याच वेळी पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद.

आईबापांनी नीट वाचावं असं कलम वेगळंच आहे. अठरा वर्षांखालच्या पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर 2019 च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त 50 सीसीपर्यंतच्या गाडीचं. दारातली गाडी त्यात बसत नाही.

विम्याचाही गैरसमज मोठा आहे. 'इन्शुरन्स हाय की' म्हणून निर्धास्त राहता येत नाही. पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात कवच मालक-चालकाला असतं, आणि त्याच्याकडं वैध लायसन्स पाहिजे. गाडी बापाच्या नावावर आणि चालवणारा बिनलायसन्सचा पोरगा असला तर ते कवच उपयोगाला येत नाही. पोराच्या धडकेत दुसरं कुणी गेलं तर विमा कंपनी त्या घराला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करायला लागू शकते. म्हणजे दोन मिनिटांच्या शर्यतीत बापाचा सातबाराही पणाला लागलेला असतो.

पहिला तास

डोक्याला मार लागलेल्या माणसासाठी पहिला तास सगळ्यात महत्त्वाचा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मेंदूचं ऑपरेशन करणारा डॉक्टर सहसा नसतो. अकलूजहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या पुढं आहे. शहरातल्या जखमीपेक्षा आपल्याकडचा जखमी इथंच मागं पडतो.

म्हणून बघे कमी आणि 108 ला फोन करणारे जास्त पाहिजेत. मदत करणाऱ्याला कायद्यानं संरक्षण आहे. त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, त्याच्यावर गुन्हा लावता येत नाही. मे 2025 मध्ये केंद्रानं अधिसूचित केलेल्या योजनेत अपघातग्रस्तावर पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत विनापैसे उपचार मान्यताप्राप्त रुग्णालयांत होतात. 'पोलीस मागं लागतील' आणि 'पैसे कोण भरणार' या दोन भीतींनी आजवर बरेच जीव रस्त्यावरच घालवले. आता तरी त्या सोडायला हरकत नाही.

गावाच्या हातात काय आहे

सगळं पोलिसांवर ढकलून भागणार नाही. प्रत्येक फाट्यावर पोलीस उभा राहू शकत नाही. पण ग्रामसभेत ठराव करून फाट्यावर दिवा, रंबलर पट्ट्या आणि वेगाचा फलक मागता येतो. हंगामाच्या तोंडावर गावातल्या प्रत्येक ट्रॉलीला मागून लाल रिफ्लेक्टर पट्टी लावून घेता येते. तिचा खर्च किरकोळ आहे. गणेश मंडळानं एक दिवस डीजेचा खर्च वाचवून पोरांना हेल्मेट वाटले तर तेही गावाच्या लक्षात राहील.

आणि ज्या पोराला खरंच वेगाची ओढ आहे, त्याला नुसतं 'नको' म्हणून उपयोग नाही. पुण्या-नाशिककडं मोटारसायकलच्या अधिकृत मातीतल्या शर्यती झालेल्या आहेत. तिथं उतरणारा पोरगा पूर्ण हेल्मेट, छातीचं कवच, गुडघ्याला पॅड, पायात बूट घालून उतरतो. सगळ्या गाड्या एकाच दिशेनं जातात, बाजूला रुग्णवाहिका उभी असते. तिथं समोरून ट्रॅक्टर येत नाही, म्हैस आडवी येत नाही. व्यावसायिक रेसर एवढी तयारी करून जे करतो, ते आपली पोरं टी-शर्ट आणि चपलेवर करतात, तेही चालत्या रस्त्यावर.

शंभरच्या वेगात पुढचे शंभर मीटर गाडीवाल्याच्या हातात नसतात. त्यात कुणाची तरी म्हैस असते, कुणाचा तरी बाप सायकलवर दूध घेऊन चाललेला असतो, एखादी पोरगी शाळेतून रस्ता ओलांडत असते. अकलूज ते पंढरपूर पन्नास किलोमीटरही नाही. शंभरऐवजी साठनं गेलं तर जास्तीत जास्त वीस मिनिटं उशीर होतो. दारात फोन घेऊन उभी असलेली आई तेवढी वाट नक्की पाहते.